मुंबईच्या उजेडात पोर्ट्रेट: रंग, सावली आणि मूडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या दोन रविवारी दादरच्या माझ्या दीड खोलीत सात-आठ जण कॅमेरे घेऊन जमतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी कॉलेजातले. एक दंतवैद्य बाई तर अडीच वर्षं येतायत. माणसं बदलतात, प्रश्न तेच राहतात आणि उत्तरं देता देता माझा चहा गार होतो. म्हणून एकदाचं लिहून काढलं. जिथे मला बोलायची हौस आहे तिथे भरपूर बोललोय, बाकीचं दोन ओळींत उरकलंय.

## पोर्ट्रेटमधला 'मूड' येतो कुठून?

सावलीतून. फोटो बघताना सगळ्यांची नजर चेहऱ्याच्या उजळ बाजूवर जाते. तुम्ही दुसरी बाजू बघा. ती किती गडद आहे, तिच्यावर कुठला रंग उतरलाय आणि उजेड संपून सावली सुरू होते ती कड धारदार आहे की विरघळलेली, या तीन गोष्टींवर जवळपास सगळं ठरतं.

घरी करून बघा. एकाच माणसाला खिडकीपाशी तसंच बसवा, हसणंही तेच ठेवा. सावलीच्या बाजूला पांढरी चादर धरली की चेहरा सकाळी अंघोळ करून आल्यासारखा प्रसन्न दिसतो. चादर काढून काळी शाल धरा, तोच माणूस काहीतरी लपवतोय असं वाटायला लागतं. आणि तिन्हीसांजेला, आत पिवळा दिवा लागलेला असताना सावलीवर बाहेरच्या आभाळाची निळाई पडू द्या; आता तो कुणाची तरी वाट बघतोय. उजळ बाजू तिन्ही वेळा जवळपास सारखीच होती.

आकड्यांत हवं असेल तर: उजळ बाजूवर सावलीच्या दुप्पट उजेड असेल तर एका स्टॉपचा फरक पडतो आणि चेहरा शांत, घरगुती दिसतो. चौपट म्हणजे दोन स्टॉप, इथे थोडं नाट्य येतं. आठपट म्हणजे तीन स्टॉप, आणि तिथून पुढे चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात जातो. पासपोर्ट फोटोत हा फरक मुद्दाम शून्यावर आणलेला असतो, म्हणून तर त्यात आपण सगळेच पकडून आणल्यासारखे दिसतो.

## मऊ उजेड आणि कडक उजेड यांत फरक काय?

दिवा चेहऱ्याच्या मानाने किती मोठा दिसतो, एवढाच. सूर्य अवाढव्य आहे, पण इथून एखाद्या टिकलीएवढा दिसतो. म्हणून त्याची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. त्याच सूर्यासमोर मळभ आलं की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावली विरून जाते. फिल्मसिटीतले लाइटमन दिव्यासमोर स्किमर, म्हणजे उजेड मऊ करणारा पातळ कपडा, लावतात किंवा ट्रेसिंग पेपर ताणतात, तो हाच खेळ. तुमच्याकडे स्किमर नसेल तर जुनं पांढरं धोतर चालतं. सुती असावं, नीळ घातलेलं नसावं. नीळ फोटोत उतरते.

## घरात एकच खिडकी आहे. तेवढ्यात काय होणार?

एक खिडकी म्हणजे चैन आहे. दोन असतील तर मी एक बंद करायला सांगतो.

पहिलं काम: घरातली ट्यूब बंद. हे ऐकून यजमान हमखास म्हणतात, "अहो, उजेड कमी पडेल." पडू दे. ट्यूबचा हिरवट उजेड आणि खिडकीतला निळसर उजेड एकाच गालावर आले की कुठल्याही सेटिंगने ते सुटे होत नाहीत.

मग माणसाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर उभं करा, खांदा खिडकीकडे. आता त्याला नाक हळूहळू खिडकीकडे वळवायला सांगा आणि तुम्ही फक्त सावलीकडचा गाल बघत राहा. आधी तो पूर्ण काळा असेल. मग एका क्षणी डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटेल. हाच डच चित्रकार रेम्ब्रांटच्या नावाने ओळखला जाणारा त्रिकोण. त्याच्या चित्रांत तो इतक्यांदा दिसतो की छायाचित्रकारांनी त्या प्रकाशयोजनेला त्याचंच नाव देऊन टाकलं. आणखी वळवलं की त्रिकोण मोडतो आणि नाकाची सावली लहान होत जाते. चेहरा मोकळा, बोलका दिसू लागतो. एवढ्या एका वळणात गूढ ते गप्पिष्ट असा सगळा प्रवास होतो आणि खर्च शून्य.

खिडकीपासूनचं अंतरही मूड बदलतं. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो: एका फुटावरून दोन फुटांवर गेलात की चौथा हिस्सा उरतो. लहान दिव्याला हा नियम काटेकोर लागू पडतो. मोठ्या खिडकीच्या अगदी जवळ घट जरा हळू होते. माणूस खिडकीला बिलगून असेल तर मागची भिंत काळोखात बुडते, कपाट, कॅलेंडर, फ्रिजवरचं डबे-प्रकरण सगळं गायब. तोच माणूस खोलीच्या टोकाला नेला तर त्याच्यावर आणि भिंतीवर सारखाच मरगळलेला उजेड पडतो. मुंबईतल्या घरांत पसारा लपवायचा असेल तर खिडकीला चिकटा, हा माझा सगळ्यात उपयोगी सल्ला.

चाळीत राहत असाल तर तुम्ही नशीबवान. सामाईक गॅलरीला वर छप्पर, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला उघडं आभाळ असतं. म्हणजे पन्नास-साठ फूट लांबीची एक खिडकीच. गिरगावात एका आजींचा फोटो मी गॅलरीत काढला होता. समोरच्या चाळीच्या पिवळ्या भिंतीवर ऊन पडलं होतं आणि ते उसळून आजींच्या चेहऱ्यावर येत होतं. मी काहीच लावलं नव्हतं. लोक अजून विचारतात, कुठला फिल्टर?

## केल्विनचा आकडा वाढला की रंग निळा का होतो? उलटं वाटतं.

सगळ्यांनाच वाटतं. लोहाराची भट्टी आठवा: लोखंड तापताना आधी लाल होतं, मग केशरी, मग पिवळं, मग पांढरं. आणखी तापवता आलं असतं तर निळसर झालं असतं. केल्विन ही तीच तापमानाची भाषा. मेणबत्ती १९०० च्या आसपास, जुना पिवळा बल्ब २७०० ते ३०००, दुपारचं ऊन ५५००, ढगाळ आभाळ ६५००, आणि निरभ्र दिवसाची सावली ७५०० किंवा त्याहूनही वर, कारण सावलीत फक्त निळं आभाळ उजेड देत असतं.

कॅमेऱ्यात मात्र हा आकडा म्हणजे "समोरचा उजेड असा आहे" असं आपण त्याला सांगणं. दुपारच्या उन्हात ३२०० सांगितलंत तर कॅमेरा समजतो की पिवळा बल्ब आहे, आणि तो पिवळेपणा घालवायला सगळ्यात निळं ओततो. या फसवणुकीतून भर दुपारी चांदणं तयार करता येतं.

## ऑटो व्हाइट बॅलन्स का बंद करायचा? चांगला तर असतो.

कारण उजेडाचा रंग कॅमेऱ्यानेच ओळखून सुधारायचा असा हा प्रकार, आणि त्याला घर आवरणाऱ्या पाहुण्यासारखी खोड आहे. तुम्ही मुद्दाम पसरलेलं तो उचलून ठेवतो. सूर्यास्ताला चेहरा तांबूस झाला की तो तांबूसपणा त्याला दोष वाटतो आणि तो काढून टाकतो. सोनेरी वेळेत 'सावली' हे सेटिंग ठेवा, तांबूसपणा टिकतो, उलट थोडा वाढतो. संध्याकाळ उलटल्यावर ४००० च्या आसपास ठेवलंत तर निळाई राहते आणि दिव्याखालचा चेहरा उबदार येतो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ फाइलमध्ये, हे नंतरही बदलता येतं, पण जागेवर रंग चुकीचा दिसत असेल तर तुम्ही माणसाला चुकीच्या जागी उभं करता. तो घोटाळा नंतर सुटत नाही.

## मुंबईत सोनेरी उजेड नक्की किती वाजता मिळतो?

इंटरनेटवर 'गोल्डन अवर' म्हणून तास सांगतात. आपल्याकडे तासभर थांबायची मुभा नाही. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. इथे सूर्य युरोपातल्यासारखा तिरका तिरका घरंगळत जात नाही, बऱ्यापैकी सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून ६ अंशांवर आला की टेकायला जेमतेम २५ ते ३० मिनिटं. त्यातली शेवटची दहा खरी. कपडे बदलणं, केस नीट करणं, भेळ खाणं हे सगळं आधी उरका.

वेळ ऋतूप्रमाणे बदलते. नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. जुलैत अर्थात तो दिसला तर. डिसेंबर-जानेवारीत तो नैऋत्येकडे सरकलेला असतो, मे-जूनमध्ये वायव्येकडे. त्यामुळे मे महिन्यात हेरून ठेवलेल्या जागी जानेवारीत गेलात तर उजेड भलत्याच कोपऱ्यातून येतो. मी यात एकदा फसलोय, आणि सोबत नवरा-नवरी होते.

पश्चिमेचा किनारा, म्हणजे मरीन ड्राइव्ह, वरळी, दादर चौपाटी, बँडस्टँड, संध्याकाळसाठी. सकाळचं कोवळं ऊन हवं तर पूर्वेला, बंदराच्या बाजूला जावं लागतं: गेटवेचा परिसर किंवा शिवडी. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे फार पहाटे उठायचीही शिक्षा नाही. हिवाळ्यात शहरावर धुरकं असतं. फुप्फुसाला वाईट, पण सूर्यास्ताच्या आधीच तांबडा गोळा होतो आणि त्याच्याकडे तोंड करूनही डोळे मिचकावे लागत नाहीत, हेही खरं. याबद्दल आनंद मानावा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि सूर्य बुडाला म्हणून बॅग भरू नका. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं आभाळ गडद निळं असतं आणि रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. चेहरा दिव्याकडे, पाठ समुद्राकडे. उबदार उजेड आणि थंड सावली फुकटात.

## मॉडेल दुपारी १२ वाजताच मोकळी आहे. काय करू?

डोक्यावरचं ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पाडतं. मुंबईत तर १५ मेच्या आसपास आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य अगदी माथ्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पायातच लपते. त्या दिवसांत उघड्यावर पोर्ट्रेट काढायचा हट्ट करू नये.

फोर्टमध्ये जा. दादाभाई नौरोजी रोडच्या इमारतींखाली कमानींचे पदपथ आहेत, हॉर्निमन सर्कललाही आहेत. कमानीच्या आत एक पाऊल, तोंड रस्त्याकडे. रस्त्यावर आपटलेलं ऊन खालून वर येतं आणि डोळे भरून निघतात. कडक ऊन हवंच असेल तर तेही वापरा, पण मग चेहरा वर करायला सांगा, डोळे मिटलेले ठेवा, आणि सावल्या काळ्याच राहू द्या. त्यात उन्हाळ्याचा चटका दिसतो. 'सुंदर' नाही येणार, रखरखीत येईल. कधी कधी तेच हवं असतं.

## पावसाळ्यात रंग मेलेले येतात. इलाज?

रंग मेलेले नसतात, उजेड सगळीकडून येत असतो म्हणून सावलीच नसते. सावली तुम्ही तयार करा: माणसाला दाराच्या चौकटीत, जिन्याच्या तोंडाशी, बसस्टॉपच्या छताखाली उभं करा, म्हणजे वरचा आणि एका बाजूचा उजेड अडतो. उजेड वाढवण्याऐवजी अडवायचा, हे पावसाळ्यातलं सूत्र.

रंगाचं म्हणाल तर ओल्या दगडावर, शेवाळलेल्या भिंतीवर एखादी लाल छत्री किंवा पिवळा रेनकोट पुरतो. निळ्या ताडपत्रीपासून मात्र सावध. जूनपासून अर्धं शहर तिच्याखाली असतं आणि तिच्यातून झिरपलेला उजेड चेहऱ्याला बुडालेल्या माणसाचा रंग देतो. भाजीवाल्या मावशींचा फोटो ताडपत्रीखाली काढायचा असेल तर त्यांच्या टोपलीजवळ पिवळा बल्ब लागेपर्यंत थांबा. मग तीच निळाई पार्श्वभूमीला जाते आणि चेहरा उजळतो.

एसीतून बाहेर पडल्यावर लेन्सवर वाफ धरते. पुसू नका, बंद बॅगेत पंधरा-वीस मिनिटं राहू द्या.

## रात्री रस्त्यावर कुठल्या दिव्याखाली उभं करू?

पूर्वी उत्तर सोपं होतं, सगळीकडे सोडियमचे पिवळे दिवे. त्या उजेडात जवळपास एकच पिवळा-केशरी पट्टा असायचा. निळी साडीही काळपट दिसायची. रंग खरे नव्हते, पण शहराला एक रात्रीचा रंग होता. २०१५ च्या सुमारास मरीन ड्राइव्हला पांढरे एलईडी लावले तेव्हा 'क्वीन्स नेकलेस'चं सोनं गेलं म्हणून केवढी ओरड झाली, पुढे तिथे पिवळसर छटा परत आली. दिव्याच्या रंगावरून शहर भांडलं ही मला तरी कौतुकाची गोष्ट वाटते.

आता खांबाखाली उभं राहूच नका. डोक्यावरचा दिवा दुपारच्या उन्हासारखाच वागतो. दुकानं शोधा. औषधाच्या दुकानाचा लख्ख पांढरा काउंटर म्हणजे समोरून येणारा मोठा, मऊ दिवा. पानाच्या टपरीत आरसे आणि रंगीत दिवे असतात, तिथे एका गालावर गुलाबी आणि दुसऱ्यावर हिरवा मिळून जातो. फुलवाल्याचा लटकता बल्ब छोटा असतो, म्हणून कडक, पण झेंडूवरून उसळून तो केशरी होतो. टॅक्सीत बसवून खिडकीतून बाहेरच्या पाट्यांचे रंग चेहऱ्यावरून सरकू द्या आणि लाल सिग्नलला शटर दाबा. गाडी थांबलेली आणि उजेड लाल, दोन्ही एकदम.

लोकलच्या दारातला उजेड सुरेख असतो. मी तिथे काढत नाही आणि कुणाला काढायला सांगतही नाही.

## फ्लॅशवर लावायची रंगीत जेल महाग आहेत. पर्याय?

आकाशकंदिलाचा जिलेटीन कागद. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय: माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी जा, दिव्यावर रंग चढवला की भिंतीचं आणि माणसांचं काय होतं याचं अख्खं प्रदर्शन भरलेलं असतं. साध्या स्टेशनरीच्या दुकानातही तो कागद मिळतो. दोन अडचणी: गरम दिव्यावर तो वितळतो, म्हणून फ्लॅश किंवा एलईडीवरच लावा, आणि दोन दुकानांतला 'केशरी' सारखा नसतो, म्हणून एकदाच जास्त घेऊन ठेवा.

रंग चेहऱ्यावर थेट मारू नका, निदान सुरुवातीला. मुख्य उजेड पांढरा, रंग मागून किंवा सावलीत. लाल सगळ्यात अवघड, त्यात चेहऱ्याचे बारकावे वितळतात. नुसता हिरवा नाटकातल्या भुतासाठी राखून ठेवावा.

## सावळ्या रंगाला कुठला उजेड चांगला?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांना विचारायचं असतं, "उजळ कसं दाखवू?" त्याचं उत्तर मी देत नाही. स्टुडिओवाल्यांनी आपल्याकडे पिढ्या गोऱ्या करून ठेवल्या आहेत. लग्नाच्या अल्बममधली वधू आणि तिचा स्वतःचा हात यांचे रंग जुळत नाहीत.

दोष फक्त आपला नाही. विसाव्या शतकात रंगीत फिल्म आणि प्रिंट जुळवायला कोडॅकची जी नमुना-कार्डं वापरली जायची, त्यांवर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. तिचं नाव 'शर्ली' कार्ड. तिची त्वचा बरोबर आली की सगळं बरोबर, असा हिशेब. डिजिटल कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरलाही स्वतःची समजूत आहे: समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं असणार. पांढऱ्या भिंतीसमोर सावळा माणूस उभा केला की मीटर भिंतीला घाबरतो, उजेड कमी करतो आणि चेहरा बुडतो. मग लोक नंतर तो ओढून वर आणतात आणि त्वचा राखाडी होते. भिंतच बदला. गडद हिरवी, विटकरी, मातकट भिंत घ्या, चेहऱ्यावर स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्यापुरता उजेड मोजणारा) लावा, आणि मीटर म्हणतो त्याहून अर्धा-एक स्टॉप कमी ठेवा. कारण आता मीटर उलटी चूक करून त्वचा फिकट करायला बघतो.

आणि उजेड मोठा, बाजूने येणारा हवा. गव्हाळ, सावळ्या, काळ्या त्वचेवर आकार सावलीपेक्षा चमकेतून दिसतो: गालाच्या हाडावर, नाकाच्या दांडीवर, कपाळावर उजेड सरकताना दिसतो. पावडर लावून ती चमक मारू नका. रंगात सांगायचं तर त्वचा गोरी असो की काळी, तिची छटा लाल-पिवळ्याच्या मधेच कुठेतरी असते, बदलते ती गडदपणाची पायरी. म्हणून निळ्या-हिरव्या सावलीपुढे प्रत्येकच चेहरा उठून दिसतो.

## कपडे कुठल्या रंगाचे घालायला सांगू?

लक्षात ठेवा, कपडाही दिवा आहे. हिरवा शालू नेसलेल्या नवरीच्या हनुवटीखाली हिरवट छाया येते, हळदीच्या कार्यक्रमात सगळ्यांनाच कावीळ झालेली असते. हळदीत ती चालते, तीच तर मजा. एरवी गळ्याजवळ मऊ, फिका रंग आणि गडद रंग खाली. पैठणीचे काठ सुंदर असतात पण त्यांतली सोनेरी जर उजेड टोचून परत फेकते. दिव्याचा कोन थोडा बदला, ती शांत होते.

## लग्नाच्या हॉलमधल्या जांभळ्या दिव्यांचं काय करायचं?

माझी सगळ्यात मोठी फजिती इथलीच. उपनगरातला एक साखरपुडा. स्टेजवर जांभळे-निळे पार लाइट (स्टेजचे झोतदिवे), मुलीचा चेहरा वांग्यासारखा. मी कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळोख-उजेड किती ते दाखवणारा आलेख, बघत होतो, तो शहाण्यासारखा मधे बसलेला. घरी येऊन बघतो तर निळा चॅनल पूर्ण फुटलेला. एकरंगी एलईडीत हेच होतं: एकूण उजेड ठीक दिसतो, पण एक रंग काठोकाठ भरून वाहून जातो आणि तिथला तपशील कायमचा गेला. चाळीस फोटो कृष्णधवल करून दिले. मुलाची आत्या म्हणाली, "पैसे तर रंगीत फोटोंचे घेतले ना?" बरोबरच होतं तिचं.

तेव्हापासून तीन सवयी. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू ठेवतो. रंगीत दिव्यांत एक-दीड स्टॉप कमी घेतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कार्यक्रमाआधी लाइटवाल्या दादांना चहा पाजून सांगतो: रंग मागच्या पडद्यावर कितीही टाका, समोरून फक्त पांढरा.

लग्नात एक सुंदर डिफ्यूजर, उजेड मऊ करणारा पडदा, मात्र गुरुजी स्वतः घेऊन येतात, अंतरपाट. मंगलाष्टकं चालू असताना मागून उजेड आला तर तो पांढरा कपडा उजळतो आणि दोघांच्या चेहऱ्यांवर दोन्हीकडून दुधाळ उजेड पडतो. "शुभ मंगल सावधान" नंतर तो गेला की गेला. अक्षता उडायच्या आत काढून घ्या.

## व्हिडिओ दिवा विकत घेतला, तरी त्वचा निर्जीव का दिसते?

स्वस्त एलईडीत गडद लाल फार कमी असतो, आणि त्वचेखालचं रक्त त्या लालातूनच दिसतं. खोक्यावर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९५ किंवा वर आहे का बघा, 'आर९', म्हणजे गडद लालाचा आकडा, दिला असेल तर तोही. फोटोत आडवे पट्टे येत असतील तर आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

## मोबाईलवर जमेल?

जमेल. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा. फोनला सगळं उजळ करायची हौस असते, ती मोडा. नाइट मोड बंद. तो सावल्या भरून टाकतो, आणि सावलीसाठीच तर आपण आलोय.

## कृष्णधवल कधी करावं?

रंग काही सांगत नसेल तेव्हा. नुसता रंग चुकलाय म्हणून करू नये, आत्याबाई ओळखतात. कृष्णधवलमध्ये सगळा भार उजेडाच्या कडेवर येतो. १९५९ साली गुरुदत्त यांच्या 'कागज के फूल' या सिनेमात छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी स्टुडिओत उन्हाचा तो प्रसिद्ध झोत आणला, दोन आरशांनी बाहेरचं ऊन वळवून. मी याची गरीब आवृत्ती करतो: कपाटाचा आरसा गच्चीत कलता ठेवायचा आणि कवडसा जिन्यात सोडायचा. थोडी उदबत्ती लावली की झोत दिसतोही. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

## एडिटिंगमध्ये मूड आणता येतो का?

असलेला वाढवता येतो. सावलीत किंचित निळं आणि उजळ भागात किंचित पिवळं घाला, त्वचेला वाचवून. पण उजेड जिथून आलाच नाही तिथून आल्यासारखं दाखवायला गेलात तर डोळ्यातला चमकता ठिपका, म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब, खरं बोलतो.

## फोटो दाखवला की घरचे म्हणतात, "काळा का काढलास?"

दोन फोटो द्या. एक घरच्यांसाठी, उजळ. दुसरा तुमचा. सहा महिन्यांनी भिंतीवर कुठला आहे ते बघा. माझ्या अनुभवात सहासातदा तरी मोठ्या माणसांनीच दुसरा फ्रेम करून घेतलाय, आणि तेवढ्याच वेळा पहिला.

## निरांजनाच्या उजेडात पोर्ट्रेट कसं काढू?

हे विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच चित्र असतं: सा. ल. हळदणकरांचं, हातात दिवा घेतलेली स्त्री. मूळचे सावंतवाडीचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले हळदणकर. त्यांनी १९४० च्या दशकात स्वतःच्या मुलीला समोर उभं करून ते रंगवलं. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बरेच जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. आणि ते तैलचित्र नाही, जलरंग आहे. त्यातली किमया ज्योतीवर धरलेल्या हातात आहे: दिवा आपल्यापासून झाकला जातो, बोटांतून तांबूस उजेड झिरपतो आणि चेहरा उजळतो. तो हात काढला तर फोटोत एक पांढरा डाग आणि मागे काळोख उरेल.

म्हणून आधी हात. कॅमेरा आणि ज्योत यांच्या मधोमध, बोटं किंचित विलग. दिवा चेहऱ्यापासून एक-सव्वा फुटावर, छातीच्या उंचीला. फार खाली गेला तर हनुवटीवरून सावल्या वर चढतात आणि चेहरा भेसूर दिसतो. एका वातीला शटर १/६०, लेन्सचं छिद्र एफ/१.८ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० लागतो. पंचारती घेतलीत तर ८०० ते १६०० मध्ये भागतं. व्हाइट बॅलन्स २८०० ते ३००० ठेवा. १९०० ला नेलंत तर दिव्याचा दिवेपणाच जातो. खिडकी बंद करू नका, पडदा बोटभर उघडा ठेवा आणि हे तिन्हीसांजेला करा, म्हणजे केसांच्या कडेवर बाहेरची निळाई येते. पदर पिनेने मागे बांधा, केस आवरून घ्या, हाताशी पाण्याचा तांब्या असू द्या, पंखा बंद.

तळहात पोळायच्या आत चार-पाच फोटो होतात. मग दिवा खाली ठेवायला सांगा, हात गार होऊ द्या, आणि पुन्हा.